विंडोज १० वरून ११ वर जायचं का? इंदूरच्या सिल्व्हर मॉलला, काँप्युटरच्या बाजारात, मशीन नेण्याआधी घरी करायची कामं

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून रामबागेत काय नि सुदामानगरात काय, ज्याच्या घरी सात-आठ वर्षांचा काँप्युटर आहे तो एकच गोष्ट विचारतो: आता हा बंद पडणार का? नाही पडणार. बटण दाबलं की सुरू होईल, पत्रं टाइप होतील, फोटो दिसतील. विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या फटी बुजवणारे अपडेट आपोआप यायचे, ते तेवढे थांबलेत. क्रोम अजून अपडेट होतोय म्हणून निश्चिंत राहू नका. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, तरी क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळून घेतलं. घरगुती मशीनवर क्रोमच्या खालचं विंडोज मात्र तेवढा काळ उघडंच होतं.

आधी घरचं, मग सासरचं, मग ओळखीपाळखीतल्यांचं, असं करत हे काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकते. मशीन पात्र असेल तर ११ वर जा, पण सावकाश जा. पात्र नसेल तर जबरदस्तीने ११ घालू नका, दुसऱ्या वाटा आहेत. आणि ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात ते विनाअपडेट वापरू नका.

१. आधी वही घ्या, काँप्युटर नंतर

घरातल्या प्रत्येकाला विचारा की तू या मशीनवर काय करतोस, आणि लिहून घ्या. लोक "नेट बघतो" एवढंच सांगतात. खोदून विचारलं की खरं बाहेर येतं. बाबा नेटबँकिंग आणि आयकराचं रिटर्न करतात. आईने पंधरा वर्षांच्या भिशीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवलाय. घरात छोटा धंदा असेल तर टॅली आहे, जीएसटी आहे, डिजिटल सहीचं टोकन आहे. आजोबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणलेलं असतं. मुलगी सीपीसीटीची (मध्य प्रदेशातली काँप्युटर-टायपिंगची परीक्षा) तयारी करत असेल तर तिचा रेमिंग्टन गेल हा टाइपरायटरच्या धर्तीचा कीबोर्ड याच मशीनवर टाकलेला असतो.

मशीनला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि मॉडेल नंबर त्याच वहीत लिहा: प्रिंटर, स्कॅनर, टोकन, ठशाचं यंत्र. विंडोज ११ आलं आणि प्रिंटर मुका झाला, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. बहुतेक वेळा कंपनीच्या साइटवर ११ साठीचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) असतो, पण तो आहे की नाही हे आधी बघायचं असतं, नंतर नाही.

२. मशीनची ओळख करून घ्या

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाऊट. इथे चार गोष्टी दिसतील. प्रोसेसरचं नाव, रॅम, सिस्टिम ३२ बिटची की ६४ बिटची, आणि विंडोजची आवृत्ती. आवृत्ती २२एच२ हवी. त्याआधीची असेल तर काहीही ठरवण्यापूर्वी विंडोज अपडेटमधून २२एच२ करून घ्या, कारण सुरक्षा अपडेटची मुदतवाढसुद्धा (मुद्दा ४ बघा) तिलाच मिळते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती नाहीच. ३२ बिटचं विंडोज १० असेल आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर ११ साठी सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

प्रोसेसरची पिढी नावातच लिहिलेली असते. इंटेलचा आय५-७४०० म्हणजे सातवी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. ढोबळ हिशेब असा की इंटेलची आठवी आणि त्यापुढची पिढी ११ ला चालते. एएमडीच्या रायझनमध्ये नुसत्या आकड्यावर जाऊ नका. २००० च्या मालिकेतले काही चालतात, काही नाही.

खात्रीसाठी मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे मोफत ॲप त्यांच्याच साइटवरून उतरवा. ते चालवलं की पात्र की अपात्र, आणि अपात्र तर का, हे सांगतं.

कागदावरची किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढीच आहे. ४ जीबीवर ११ चालतं, पण आपली सहनशक्ती संपते. ८ जीबी हवी. आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कखाली "एचडीडी" लिहिलेलं असेल, म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क, बसवा. मशीन मंद आहे म्हणून ११ हवंय असं म्हणणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना खरं तर ११ नको, एसएसडी हवी असते.

३. "अपात्र" म्हटलं तरी लगेच हात टेकू नका

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

अपात्रतेचं कारण प्रोसेसर असेल तर विषय संपला, पुढच्या मुद्द्याकडे जा. कारण टीपीएम असेल तर मात्र ते बहुधा मशीनमध्ये आहेच, फक्त बंद आहे. टीपीएम २.० म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग. आठव्या-नवव्या पिढीच्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असायचा. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव "पीटीटी" असतं, एएमडीच्या बोर्डावर "एफटीपीएम". बायोसमध्ये जाऊन तेवढं सुरू केलं की झालं. यासाठी नवा मदरबोर्ड घ्या म्हणणाऱ्या माणसाला नमस्कार करून निघा.

कारण सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) असेल तर जरा जपून. स्टार्टमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा आणि "बायोस मोड"समोर काय लिहिलंय ते बघा. "यूईएफआय" असेल तर सिक्युअर बूट नुसतं सुरू करता येतं. "लेगसी" असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली आहे. अशा मशीनच्या बायोसमध्ये थेट यूईएफआय केलं तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि घरात बोंब होईल. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करायची, मग बायोस बदलायचं. डेटा न पुसता हा बदल करणारं साधन विंडोज १० मध्येच आहे. पण ते कमांड लिहून चालवावं लागतं, म्हणून सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. दुकानात सांगायचं वाक्य: "एमबीआर से जीपीटी कन्वर्ट करना है, फॉर्मेट नहीं करना है." हे ऐकून दुकानदार बुचकळ्यात पडला, तर दुसरं दुकान.

बायोसला हात लावण्याआधी आणखी एक गोष्ट. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा "बिटलॉकर" (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा, लॅपटॉपमध्ये तर नक्कीच. चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते. आता आठवा, ते खातं कोणी बनवलं होतं? बहुतेक घरांत पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या भाच्याने दिवाळीत येऊन दहा मिनिटांत बनवून दिलेलं असतं, त्याच्याच मोबाइल नंबरावर. त्याला आज फोन करा, रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या आणि खात्यावर आपला नंबर टाकून घ्या.

४. आता ठरवा

*पात्र मशीन.* ११ मोफत आहे. विंडोज १० अस्सल असेल तर त्याचं लायसन्स तसंच पुढे चालतं, नवी की विकत घ्यायची नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्येच ११ चं आमंत्रण दिसतं. वहीतली सगळी यंत्रं ११ वर चालतात याची खात्री झाली की जा.

*अपात्र मशीन, पण अजून धडधाकट.* घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदतवाढ दिली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल" म्हणून दुवा दिसतो. तीन मार्ग आहेत: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू केला तर मोफत, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट दिले तर त्यावर, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरून. कोणताही मार्ग घेतला तरी मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही सोय चालते, म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडचं भागतं. मोफत मार्ग घेताना सगळे फोटो वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत) चढवायची गरज नाही. तिथे फुकट जागा ५ जीबीच असते, ती लग्नाच्या अल्बमने भरते आणि मग "जागा संपली, पैसे भरा" सुरू होतं. सेटिंग्जपुरतंच चालू ठेवा.

ही मुदतवाढ म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ आहे. त्यात नवे बदल येत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात, आणि घरगुती मशीनला तेवढे पुरतात.

*अपात्र मशीन, आणि काम फक्त ब्राउझर, पत्रं, व्हिडिओ.* लिनक्स मिंट टाका, विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली. मोफत आहे, ४ जीबीवरही बरं चालतं, आणि त्याच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून, मशीनवरचं काहीही न पुसता चालवून बघता येतं. मराठी कीबोर्ड त्यात आहेत. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही, डिजिटल सहीचं टोकन त्रास देतं, आणि कॅननच्या एलबीपी २९०० सारखे जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर बरीच डोकेफोड करायला लावतात. धंद्याच्या मशीनवर हा प्रयोग नको. आजी-आजोबांच्या यूट्यूब आणि व्हिडिओ कॉलसाठी उत्तम.

*नवं मशीन.* सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचं मशीन असेल आणि त्यावर टॅली-जीएसटी चालत असेल, तर मुदतवाढीच्या काळात पैसे बाजूला काढा आणि नवं घ्या. वापरलेला, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेत असाल तर पिढी स्वतः वाचा. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप "इलेवन लोडेड है, बाऊजी" म्हणून विकले जातात. लोडेड असणं वेगळं आणि पात्र असणं वेगळं.

५. जबरदस्तीच्या ११ बद्दल

अपात्र मशीनवरही तपासणी चुकवून ११ टाकता येतं, आणि आरएनटी मार्गावर काय, जेलरोडवर काय, ते करून देणारे भेटतीलच. दोन-चार महिने छान चालतं, म्हणून लोक खूश. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती त्यावर आपोआप येत नाही. ती पुन्हा कोणीतरी हाताने टाकावी लागते. दुकानाच्या पेनड्राइव्हवर ११ ची २३एच२ आवृत्ती असेल तर तिची घरगुती मुदत ११ नोव्हेंबर २०२५ लाच संपली आहे. म्हणजे पैसे देऊन तुम्ही मुदत संपलेल्या विंडोजवरून मुदत संपलेल्याच विंडोजवर आलात. त्यापेक्षा मुदतवाढ घेतलेलं १० शंभर पटीने बरं.

त्याच पेनड्राइव्हवर "ॲक्टिव्हेटर" नावाची, बिनलायसन्सचं विंडोज अस्सल भासवणारी फाइल असते. ती चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करतात. यावर आणखी काही लिहायची गरज आहे का?

६. हाताशी काय काय हवं

- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, पासवर्ड, आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मोबाइल
- रिकव्हरी की, कागदावर
- बाहेरची हार्ड डिस्क. कमीत कमी मोठा पेनड्राइव्ह
- ८ जीबी किंवा जास्तीचा वेगळा पेनड्राइव्ह, विंडोज ११ चं इन्स्टॉलेशन बनवायला
- टॅली, ऑफिस वगैरेंचे सीरियल नंबर आणि ते ज्या ईमेलवर घेतले तो ईमेल
- प्रिंटर, टोकन, ठशाच्या यंत्राचे ११ साठीचे ड्रायव्हर, आधीच उतरवून ठेवलेले
- मशीनचं बिल. वॉरंटी उरली असेल तर उघडण्याआधी अटी वाचा
- डेस्कटॉपला यूपीएस

शेवटचा मुद्दा उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात विसरू नका. वारा सुटला की लाईट जाते, आणि अपग्रेड अर्ध्यात तुटलं तर मशीन अडकून बसतं. बायोसचा अपडेट अर्ध्यात तुटला तर बोर्डच जायची भीती. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

७. बॅकअप

"डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, सुरक्षित आहे" हा घरोघरचा गैरसमज आहे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय डेस्कटॉपवर दिसणारं सगळं, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्ससकट, सी मध्येच असतं. टॅलीचा डेटाही बहुधा तिथेच. टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

जुन्या मराठी फाइली असतील तर फॉन्टही जपा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रिका किंवा अर्ज त्या फॉन्टशिवाय उघडला तर निव्वळ इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. श्रीलिपीसारखं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स हलवायची पद्धत विक्रेत्याला आधी विचारा.

८. प्रत्यक्ष अपग्रेड

दिवस निवडा. धंद्याचं घर असेल तर महिन्याची २० तारीख टाळा, तेव्हा जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, असतं. मार्चअखेर आणि जुलैअखेर तर नकोच. रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर बसा.

विंडोज अपडेटमधूनच अपग्रेड करा म्हणजे फाइली, प्रोग्रॅम, फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं. एसएसडीवर तास-दीड तासात होतं, हार्ड डिस्कवर दुपार जाते. मधे मशीन आपोआप बंद-चालू होतं, पडदा बराच वेळ काळा राहतो. बटण दाबायचं नाही.

दुकानात करून घेणार असाल तर ऐकू येणारं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "फॉर्मेट मार देते हैं, मक्खन चलेगा." त्यांना ते सोपं पडतं. आपल्याला अपग्रेड हवंय, फॉर्मेट नको, हे पावतीवर लिहून घ्या. मशीन ठेवून येऊ नका, समोर बसा.

९. पहिले दहा दिवस

जुनं विंडोज दहा दिवस बाजूला ठेवलेलं असतं. नाही जमलं तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून मागे जाता येतं. म्हणून या दहा दिवसांत वहीतली प्रत्येक गोष्ट एकदा करून बघा: एक प्रिंट, एक स्कॅन, टोकन लावून एक लॉगिन, टॅलीचं एक व्हाउचर. "जागा मोकळी करा" असं मशीनने सुचवलं तरी दहा दिवस काही पुसू नका.

मराठी टायपिंगसाठी भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही तिथेच मिळतात, बाहेरून काही उतरवावं लागत नाही. रेमिंग्टन गेल मात्र वेगळं टाकावं लागतं. अपग्रेडमध्ये ते टिकलं आहे का, हे परीक्षेच्या आदल्या रात्री नाही, आजच बघा. नव्याने विंडोज टाकलं असेल आणि मंगल फॉन्ट दिसत नसेल तर घाबरू नका. तो आता "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" नावाने ऑप्शनल फीचर्समध्ये असतो, मोफत जोडता येतो. स्टार्टचं बटण मधोमध आलेलं आजोबांना खटकलं तर टास्कबारच्या सेटिंगमधून ते पुन्हा डावीकडे आणता येतं.

१०. जुनं मशीन काढताना

नवं घेतलं आणि जुनं भंगारात द्यायचं असेल तर आधी डिस्क काढून घरी ठेवा. फाइली डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली, एवढ्याने त्या पुसल्या जात नाहीत. काढलेल्या डिस्कला एक स्वस्तातलं यूएसबी केसिंग बसवलं की तीच बॅकअपला कामी येते. फार जुनी असेल तर मात्र एकमेव प्रत म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. उरलेला डबा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. कचरागाडी आली की ई-कचरा म्हणून वेगळा द्या, किंवा नवं घेताना दुकानदाराला एक्स्चेंज विचारा. रॅम आणि एसएसडी चांगली असेल तर त्यांचे पैसे वेगळे मागा.